पाच हजारात कोणता बोर्ड गेम घ्यावा? आधी लाल-पांढरी बटनं आणा

नमस्कार सर. तुमचा प्रश्न वाचला आणि हसू आलं, तुमच्यावर नाही, स्वतःवर, कारण बारा वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरत होते. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: मानेवाड्याकडच्या एका शाळेत तुम्ही आठवी-नववीला विज्ञान शिकवता, वर्गात ४५ पोरं, तास ३५ मिनिटांचा, शाळेनं कसेबसे ५,००० रुपये मंजूर केलेत, आणि जीवशास्त्र समजावं, शिवाय पोरांनी जरा स्वतःचं डोकं लावावं म्हणून कोणता बोर्ड गेम घेऊ असं विचारता. सापशिडीत प्रश्नांची कार्डं घालून एकदा करून पाहिलं, पोरं जाम खूश झाली, आणि पुढच्या आठवड्यात टेस्ट घेतली तर पहिले पाढे पंचावन्न.

मी १९ वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवली, आता शनिवार-रविवार घरीच आठवी ते दहावीच्या पोरांना घेऊन बसते, उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ, कारण त्यानंतर नागपुरात कोणी कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. तेव्हा जे सांगते ते या खोलीतलं आहे, तुमच्या ४५ च्या वर्गात सगळंच जसंच्या तसं जमेल असं नाही.

आधी सापशिडीचं बोलू, कारण खरी मेख तिथंच आहे. पोरगं फासा टाकतं, ३७ वर जातं, कार्ड उचलतं, पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं, तंतुकणिका, शाब्बास, चार घरं पुढं. आता ते कार्ड काढून तिथं पानिपतची तिसरी लढाई कधी झाली हे घाला. खेळात काय बदललं? काहीच नाही. म्हणजे खेळ सापशिडीचाच, बायोलॉजी वरून चिकटवलेली, पोराचं सगळं लक्ष फाशावर आणि तुमचा प्रश्न म्हणजे त्याच्यासाठी मधला टोलनाका, पैसे टाकले की पुढं. मी कोणताही गेम घेताना हीच एक कसोटी लावते, मनातल्या मनात विषय बदलून पाहते, आणि खेळ तरीही तसाच चालला तर तो रिव्हिजनला ठीक, शिकवायला नाही. खेळाचा नियम हाच जीवशास्त्राचा नियम असला पाहिजे, म्हणजे पोरगं जिंकायला धडपडलं तरी हात त्या नियमावरच आपटतो.

ऑनलाइन जे परदेशी डबे दिसतात ते वाईट नाहीत, माझ्याकडं तीन आहेत. विंगस्पॅन नावाचा २०१९ चा पक्ष्यांचा गेम आहे, १७० पक्ष्यांची कार्डं, इतकी देखणी की पोरं खेळायचं सोडून कार्डंच बघत बसतात, पण जास्तीत जास्त ५ जण खेळणार, डाव तासाभराचा, आणि उरलेल्या ४० जणांनी काय करायचं? फोटोसिंथेसिस नावाचा २०१७ चा आहे, त्यात गंमत अशी की नावात प्रकाशसंश्लेषण पण आत कार्बन डायऑक्साइड नाही, पाणी नाही, ग्लुकोज नाही. सूर्य पटाच्या सहा बाजूंनी फिरतो, उंच झाडाची सावली बुटक्या झाडावर पडते, सावलीतल्या झाडाला प्रकाशाचे पॉइंट मिळत नाहीत. म्हणजे तो झाडांच्या उन्हासाठीच्या भांडणाचा गेम आहे, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी झकास आहे. तिसरा इव्होल्यूशन, २०१४ चा. यात खेळणारा हातातली कार्डं बघून ठरवतो की माझ्या प्राण्याला आता लांब मान लावू. आता पोरांच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं की जिराफानं मान ताणली ताणली आणि ती लांब झाली, त्यावर हा गेम शिक्का मारतो, कारण निसर्गात असं ठरवणारं कोणी बसलेलं नसतं, फरक आधी असतो आणि कोण टिकतं ते नंतर कळतं. मी तो गेम टाकून दिला नाही, उलट डाव संपला की विचारते, यात कार्ड कोण निवडत होतं आणि जंगलात कोण निवडतं? त्या प्रश्नावर अर्धा तास जातो, आणि खरं सांगायचं तर पैसे त्या अर्ध्या तासात वसूल होतात, डावात नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे, पाच हजाराचा डबा घेऊ नका. म्हणजे आत्ता तरी. तुमच्या शाळेत डबल पिरियड मिळतो का, पोरांना इंग्रजी कार्डं वाचता येतात का, हेडसर मधेच येऊन "हे काय चाललंय" म्हणतात का, यावर बरंच अवलंबून आहे. पण ४५ पोरं आणि ३५ मिनिटं हे पक्कं असेल तर खेळ असा पाहिजे की नियम तीन मिनिटांत सांगून होतात, सगळी पोरं एकाच वेळी खेळतात, आणि शेवटी फळ्यावर सगळ्यांचे आकडे एकत्र येतात.

आता माझा आवडता सांगते. नववीच्या आनुवंशिकता व परिवर्तन या पाठात सिकलसेल आहे, म्हणजे आई-बाबांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, आणि आपल्या विदर्भात तो नुसता पुस्तकातला आजार नाही हे तुम्हाला सांगायला नको. चौघा-चौघांचे, काही ठिकाणी तिघांचे असे १२ गट करा. प्रत्येक गटाला दोन डब्या, एक आई एक बाबा, दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण आजाराचं एक जनुक अंगात आहे, म्हणून प्रत्येक डबीत एक पांढरं बटन आणि एक लाल. पांढरं म्हणजे ए, निरोगी जनुक, लाल म्हणजे एस, सिकलसेलचं जनुक; दोन्ही एस आले तरच मूल आजारी. डोळे मिटून दोन्ही डब्यांतून एकेक बटन काढायचं, काय आलं ते लिहायचं, बटनं परत टाकायची. असं चारदा, म्हणजे चार मुलं झाली.

पण बटन काढायच्या आधी प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा, पेननं, पेन्सिलीनं नाही, कारण पेन्सिलीचे अंदाज नंतर फार बरोबर निघतात. पनेटची चौकट, म्हणजे आई-बाबांची जनुकं जुळवून बघायचा चौकोनी तक्ता, तुम्ही आधी शिकवली असेल तर जवळपास सगळे लिहिणार: एक एए, दोन एएस, एक एसएस. मग बटनं काढतात आणि गोंधळ सुरू होतो. एका गटात दोन एसएस, एका गटात एकही नाही, "बाई आमचं चुकलं, परत करू?" हा प्रश्न दर वेळी येतोच. परत करू द्यायचं नाही. फळ्यावर बाराही गटांचे आकडे मांडायचे. हिशोबानं बघा, चार मुलांत एकही एसएस नसणं म्हणजे पाऊण गुणिले पाऊण असं चारदा, साधारण ३२ टक्के. बरोब्बर एक एसएस असणं ४२ टक्के. उरलेले २६ टक्के दोन किंवा जास्त. म्हणजे १२ गटांत एसएसपुरती पाचेक घरं पुस्तकासारखी, चारेक घरांत एकही नाही आणि तीनेक घरांत दोन-तीन. थोडं इकडं तिकडं होईलच. पुस्तकासारखी घरं निम्म्याहूनही कमी, हे पोरांना फळ्यावर दिसलं की चौकटीतला "चारात एक" म्हणजे काय हे पहिल्यांदा डोक्यात शिरतं.

आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा की पहिलंच मूल एसएस निघालेल्या गटाला थांबवायचं आणि विचारायचं, आता पुढच्या मुलाचं काय? बहुतेक पोरं म्हणतात एक झालं ना, आता तीन सेफ. मोठी माणसंही हेच म्हणतात, लग्न झालेली, वाहक असलेली. माझ्याकडच्या एका पोरीनं एकदा दोन्ही डब्या कानाशी हलवल्या आणि शेजारच्याला म्हणाली, "अरे पण या डबीले काय माहीत आधी काय निघालं ते?" मी हे वाक्य २० मिनिटं समजावून सांगितलं असतं तरी इतकं चांगलं जमलं नसतं.

बटनांवर मी एकदम आले नाही बरं का. आधी चिंचोके होते, फोडलेले, एक बाजू पांढरी एक तपकिरी, आपण लहानपणी चौसरला वापरायचो ना तसे. दोन चिंचोके टाकायचे, पांढरी बाजू ए, तपकिरी एस, फुकटात काम. १२ गटांची मिळून ४८ मुलं झाली, एसएस यायला हवेत १२ च्या आसपास आणि आले ५. मी म्हटलं चालतं, चान्स असतो, पुढं चला. मागं बसलेला एक पोट्टा म्हणतो, "बाई, हा चिंचोका बेइमान हाये." सगळे हसले, मीही हसले. तो हसला नाही. मधल्या सुट्टीत पाणी प्यायलाही न जाता त्यानं एक चिंचोका शंभरदा टाकला आणि रेघोट्या ओढून कागद आणून दिला, ६६ वेळा पांढरी बाजू वर. मी तरी म्हणाले की अरे शंभरात इतकं होऊ शकतं. तर म्हणे मग नाणं टाकून पाहू? टाकलं. ४७ छापे. आता बोला. फुगीर पाठ आणि सपाट पोट असलेला चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा पडेलच कशाला, हे मला आधी सुचायला हवं होतं, पण मला पुस्तकातलं उत्तर माहीत होतं म्हणून मी आकड्यांकडं नीट बघितलंच नाही. त्यानं जे केलं ते तुम्ही ज्याला क्रिटिकल थिंकिंग म्हणता तेच, तुलनेला नाणं टाकून बघायच्या कंट्रोलसकट, आणि ते माझ्या चुकीतून झालं. तेव्हापासून काही बॅचला मी मुद्दाम चिंचोके देते आणि कोण पकडतं याची वाट बघते. दोन बॅचनी पकडलं, एका बॅचनं निमूट उत्तर पुस्तकासारखं करून आणून दिलं, ते बघून जास्त वाईट वाटलं.

इथं एक गोष्ट अगदी मनापासून सांगते, गंमत बाजूला ठेवून. ४५ पोरांच्या वर्गात कोणीतरी वाहक असण्याची, एखादं मूल प्रत्यक्ष आजारी असण्याची शक्यता आपल्याकडं धरूनच चालायचं. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, त्यात तपासणीवर भर आहे, तर पोरांना आपला रिपोर्ट माहीत असू शकतो. वर्गात कधीही विचारू नका कोणाच्या घरी आहे, "हा मेला" असं ओरडू देऊ नका, आणि कोणता समाज, कोणती जात अशी कुजबुज सुरू झाली तर खेळ तिथंच थांबवून सांगा की बटन कोणाचं आडनाव विचारत नाही. मी पहिल्या वर्षी हे आधी सांगितलं नव्हतं आणि एक पोरगी दोन शनिवार आली नाही. का, ते मला तिच्या आईकडून कळलं.

याच बटनांचा दुसरा डाव नववीच्या हुशार पोरांना किंवा दहावीला घ्या, दहावीच्या भाग दोनचा पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती आहे. एका मोठ्या डब्यात ६० बटनं, ३० लाल ३० पांढरी. ३० पोरं दोन-दोन बटनं काढतात आणि मग फासा टाकतात. मलेरियाचा गाव आहे. एएवाला १ पडलं तर बाद. एसएसवाला फक्त ६ पडलं तरच राहतो. एएस नेहमी राहतो. राहिलेल्यांच्या बटनांच्या प्रमाणात डबा पुन्हा ६० चा करायचा आणि पुढची पिढी. पोरांचा अंदाज ठरलेला, लाल इतकं वाईट आहे तर चार फेऱ्यांत साफ. होत नाही. चार-पाच फेऱ्यांत ३० ची १५ च्या आसपास येतात आणि मग वेग मंदावतो, कागदावर हिशोब चालू ठेवला तर १० वर जाऊन टेकतात, कारण लाल बटन एएसमध्ये लपून बसतं आणि तिथं ते मलेरियात उलट उपयोगी पडतं. मग मलेरिया बंद, फवारणी झाली, एए आता कोणी बाद नाही. पोरं म्हणतात आता दोन फेऱ्यांत शून्य. १५ ची १०-११ होतात फक्त. इथं वर्गात जी शांतता होते ना, ती ऐकण्यासारखी असते.

डाव संपल्यावर माझा एक ठरलेला प्रश्न असतो, खेळ कुठं कुठं खोटं बोलला? हा प्रश्न मी कुठल्याही गेमनंतर विचारतेच, तो नसेल तर मग खेळलोच कशाला असं मला वाटतं. या डावात पोरांनी काढलेली खोटी अशी: एसएसची माणसं आज हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधांवर, नीट काळजी घेऊन चांगली जगतात, खेळात आपण त्यांना पाचसहांश वेळा मारलं. एएस असला की मलेरिया होतच नाही असं नाही, फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या गंभीर आजारापासून बराच बचाव होतो एवढंच. आणि लग्नं काही डब्यात हात घालून जुळत नाहीत. हे शेवटचं म्हणणारी पोरगी फार वेळ हसत होती.

वाघ-बकरी तुमच्याकडं कोणाच्या आजोबांना येत असेल तर तोही वापरा, खडूनं फरशीवर आखा, खर्च शून्य. गावोगाव पट वेगळा, मी नेपाळच्या बाघचालसारखा ५ बाय ५ ठिपक्यांचा घेते, ४ वाघ २० बकऱ्या. आधी दोन डाव नुसते खेळू द्या. मग विचारा, ही अन्नसाखळी आहे का? सगळे म्हणतात हो, वाघ बकरी खातो ना. मग विचारा, वाघ किती दिवस उपाशी राहिला तरी मरत नाही? बकऱ्यांना पिल्लं का होत नाहीत? गवत कुठाय? आता पोरांना नियम बदलू द्या, पण एका डावात एकच नियम. ही अट कडक पाळा, पोट्टे सगळं एकदम बदलायला जातात आणि मग काय कशामुळं झालं हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडं एका गटानं पाच चाली उपाशी राहिलेला वाघ पटावरून काढायचा नियम केला, आणि वाघ फटाफट संपले, तर दुसरा गट म्हणे पाच फार कमी, आठ करा. तो वाद मी मुद्दाम सोडवला नाही, दोन्ही करून बघा म्हटलं.

मैदान असेल तर एक बिनपटाचा खेळ आहे, ४५ पोरांसाठी तर तोच सर्वात सोपा. निम्मी पोरं चितळ, निम्मी जंगल, समोरासमोर पाठ करून उभी. हात पोटावर म्हणजे चारा, तोंडावर म्हणजे पाणी, डोक्यावर म्हणजे आसरा. शिट्टी वाजली की वळायचं, चितळाला आपल्यासारखी खूण करणारा मिळाला तर तो जंगलवाला पुढच्या फेरीत चितळ होतो, नाही मिळाला तर ते चितळ मेलं आणि जंगलात गेलं. दर फेरीला मोजायचं, १०-१२ फेऱ्या, मग आलेख. पोरांना वाटतं संख्या एका जागी ठरेल, ती झोका घेत राहते. मधेच सांगा की मे महिना, पेंचमधले नाले आटले, दोन फेऱ्या कोणी पाण्याची खूण द्यायची नाही. एवढंच, बाकी पोरं सांभाळतात. पण जूनच्या आधी दुपारी नेऊ नका बाप्पा.

राहिलं ते नुसतं डोकं लावण्याचं. रॉबर्ट अॅबट नावाच्या माणसानं १९५६ मध्ये पत्त्यांचा एल्युसिस म्हणून खेळ काढला, एकानं मनात नियम धरायचा, बाकीच्यांनी पत्ते टाकायचे, तो फक्त बरोबर किंवा चूक म्हणतो, आणि नियम ओळखायचा. मी पत्त्यांऐवजी प्राण्यांची चित्रं घेते. मनात धरते दूध पाजणारे. गाय बरोबर, कुत्रा बरोबर, पोरं ठरवतात चार पायांचे, आणि मग एकामागून एक चार पायांचेच टाकत सुटतात, बकरी, ससा, वाघ, बरोबर बरोबर बरोबर, आणि छाती फुगते. सरडा कोणी टाकत नाही. वटवाघूळ कोणी टाकत नाही. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये २-४-६ या आकड्यांवर हेच दाखवलं होतं, माणूस आपलं म्हणणं खरं ठरवणारे पुरावेच गोळा करतो. माझा नियम एवढाच की उत्तर सांगायच्या आधी, आपल्या मते "चूक" यायला हवं असं एक कार्ड टाकायचं. चिमणी टाकली, चूक आलं, तरी त्यानं फार काही सिद्ध होत नाही. देवमासा टाकला आणि बरोबर आलं की चार पायांचं सगळं घर कोसळतं. अंडी घालणारा पण दूध पाजणारा प्लॅटिपस मी शेवटासाठी राखून ठेवते.

पालक विचारतील खेळच खेळवता का, पोर्शन कधी? रास्त आहे. मी खेळ १५ मिनिटांच्या वर जाऊ देत नाही, १० मिनिटं वहीत अंदाज काय होता, झालं काय, का, आणि उरलेल्या वेळात त्याच गोष्टीवरचा बोर्डाच्या पेपरसारखा एक प्रश्न. वही घरी जाते, पालक बघतात, आवाज बंद. आणि सगळे पाठ खेळानं शिकवायच्या फंदात पडू नका, वर्गीकरणाची नावं, संप्रेरकांचा तक्ता, हे सरळ पाठच करायला लावा. वर्षातून चार-पाच गोष्टी अशा असतात जिथं पोरांचा अंदाज हमखास चुकतो, खेळ तिथं.

तर पाच हजाराचं काय. इतवारीत ठोक बटनं घ्या, लाल आणि पांढरी, एकाच आकाराची, एकाच जाडीची, नाहीतर बोटांना कळतं. छोट्या झाकणाच्या डब्या, दोन डझन फासे, प्राण्यांची कार्डं छापून लॅमिनेट. कार्डं जड कागदाची करा, कूलरसमोर साधी कार्डं पतंगासारखी उडतात, अनुभव आहे. एवढ्याला फार तर हजार-दीड हजार लागतील. उरलेले ठेवा, पुढच्या वर्षी शनिवारचा क्लब सुरू झाला, आठ-दहा पोरं थांबायला लागली, तर मग एखादा डबा घ्या.

पहिल्यांदा सरळ ४५ वर नका करू. घरी चार पोरं बसवा, शेजारची चालतील, दोन डब्या घेऊन एकदा खेळून बघा, तुमचं स्वतःचं कुठं अडखळतं ते कळेल. मग वर्गात करा आणि जमलं तर बारा गटांचे आकडे मला कळवा, किती घरांत एकही एसएस नाही, किती घरांत एक, किती घरांत जास्त. माझ्याकडं आतापर्यंतच्या बॅचचं एक रजिस्टर आहे, त्यात तुमची १२ घरं जोडते.